शाळेत आज मोठी माणसं

मार्चमधला रविवार. बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना गाडीच्या खिडकीतून येणारा वारा बदलत जातो. घाटाखालचं ऊन वेगळंच. मोताळ्याहून आत वळलं की दोन्ही बाजूंना हरभरा काढलेली मोकळी रानं, कुठे गव्हाची सोंगणी, कुठे उभा मका. दहा वाजायचेत, पण डांबर आताच तापलंय.

गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं फाटक उघडं आहे. दारात रांगोळी. व्हरांड्यात टेबल, टेबलावर याद्या आणि ताटात गुलाबाची फुलं. पुढे रांग. पदर डोक्यावर घेतलेल्या बायका, दोन-तीन टोपीवाले म्हातारे. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. मागे नातवंडं, कुणाकुणाच्या सुना. सही करायची जागा आली की रांग अडते. एक मावशी अंगठा पुढे करतात आणि तसाच मागे घेतात.

“सही करतो मी,” त्या म्हणतात. शाईच्या पॅडकडे कुणी पाहत नाही.

आत सतरंज्या अंथरल्या आहेत. पोरांचे बाक मोठ्या गुडघ्यांना पुरत नाहीत. भिंतीवर बाराखडी रंगवलेली; सर तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवून ती झाकतात. परीक्षा ती परीक्षाच. पंखा फिरतो, पण हवा खाली पोहोचत नाही. पाण्याचा माठ, वर उपडा पेला. कुणाचा तरी चष्मा दोघींत फिरतोय. चष्मा नाही म्हणून वाचता येत नाही, आणि यादीत नोंद मात्र निरक्षर, असंही घडतं. साक्षरता वर्गाची सुरुवात डोळ्यांच्या तपासणीनं व्हावी, असं इथे बसल्यावर वाटतंच.

प्रश्नपत्रिका वाटल्या जातात. ‘उल्लास’ नव भारत साक्षरता कार्यक्रमाची ही चाचणी, पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या निरक्षरांसाठी. एकूण 150 गुण. वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. प्रत्येक भागात किमान 33 टक्के हवेत. वेळ तीन तास, पण दहा ते पाच या वेळात केव्हाही यावं. ज्यानं ही सवलत घातली, त्याला मजुरीचा दिवस ठाऊक असावा. कमी गुण पडले तरी नापास म्हणत नाहीत, ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो.

खिडकीजवळच्या आजी नाव लिहितायत. पेन चिमटीत नाही, मुठीत. ‘ल’ची गाठ दोनदा सुटते. तिसऱ्यांदा जमते. मग रेघ द्यायची राहते. त्या थांबतात, पेन कागदावरून न उचलता सगळं नाव पुन्हा ओठांत म्हणतात आणि वर एकच लांब रेघ ओढतात. रेघ शब्दाच्या पुढे कितीतरी जाते.

गणिताचा भाग मात्र भराभर पुढे सरकतो. बाजारात सुट्टे मोजणाऱ्या, बचत गटाचा हप्ता तोंडी जुळवणाऱ्या या बायका. उत्तर आधी येतं, आकडा लिहायला वेळ लागतो.

बाहेर लिंबाखाली शिकवणारी पोरगी बसलीय. बारावीला आहे. वर्ग संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, कुणाच्या तरी ओसरीत. मानधन नाही; स्वयंसेवक म्हणून नाव तेवढं नोंदलेलं. ती सांगते, सोयाबीन सोंगणीत आणि कापूस वेचणीत वर्ग बंदच पडायचा. “दिवसभर वाकून आलेली बाई रात्री काय शिकन?” तिच्या बोलण्यात तक्रार नाही. दिवाळीनंतर ती पुन्हा घरोघर फिरली, एवढंच.

दोनच्या सुमारास शेतावरून चौघी थेट येतात. कपाळावर भुसा. “हाये ना वेळ?” सर खुर्चीतून उठतात, आधी पाणी देतात.

शाळेच्या मागच्या बाजूनं ग्रामपंचायतीकडे रस्ता जातो. एका भिंतीवर गावाच्या पाण्याचा ताळेबंद रंगवलाय. रंग उडालाय, आकडे दिसतात. पाऊस किती, पिकांना किती, माणसांना किती, तूट किती. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हा हिशेब 2018च्या उन्हाळ्यात मोताळा तालुक्यातल्या गावांनी गिरवला. गावांनी पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेत तेव्हा 75 तालुके होते आणि याच तालुक्यातल्या सिंदखेडला राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळाला. ज्यांना अक्षर लागत नव्हतं तेही तेव्हा ‘ए-फ्रेम’ घेऊन डोंगरावर चढले. दोन पाय, मध्ये आडवी काठी, वरून दगड बांधलेला दोरा. दोरा खुणेवर थांबला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्कीची खूण, मग पुढचं पाऊल. अशा खुणा जोडत चर खोदले गेले. तेही प्रौढ शिक्षणच. शिकणारा निरक्षर आहे की नाही, हे तिथे कुणी विचारलं नाही.

मोठ्यांना शिकवणं इथे नवं नाही. 1959मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत अख्खं गाव शिकलं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आताही परीक्षा होते, फुलं मिळतात; पण पुढे वाचायला काही नसलं की आलेली अक्षरं विसरायला होतात. गावात मोठ्या ठशातलं काय असतं? दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, निवडणुकीचे रंग.

आणि ग्रामपंचायतीचा हा फलक. काचेआड कागद, बारीक टंक, वर धूळ. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी लागते, तीही इथेच. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातले जे कमी असतील ते लागतात. हजेरीच्या वहीत बायकांच्या नावांपुढे निळे अंगठे पानामागून पान.

पेपर देऊन परतणाऱ्या दोघी फलकापाशी थबकतात. एकीचं बोट काचेवरून सरकतं. “ना-ली... बां-ध-का-म.” आकड्यापाशी बोट थांबतं. ती तो नीट वाचते, लाखात.

“कोणती नाली वं हे?” दुसरी विचारते.

“तेच तं. 1 मेच्या सभेत विचारू.”

ग्रामपंचायतीला रविवारी कुलूप. शिपाई ओट्यावर बसलाय. तिनं त्यालाच हाक मारलीय, कागदाचं दुसरं पान कुठेय म्हणून.