राग-जॅझ स्टाइल

राग-जॅझ स्टाइल ही शंकर-जयकिशन या हिंदी चित्रपटसंगीतकार जोडीची १९६८ साली एचएमव्हीने प्रकाशित केलेली वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका आहे. जोडीच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातील या ध्वनिमुद्रिकेत ११ हिंदुस्थानी रागांवर आधारित ११ रचना असून त्या सतार व जॅझ वाद्यवृंदासाठी बांधलेल्या आहेत.

पार्श्वभूमी

१९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढील काळात शहरात जॅझ रुजले, ते मुख्यतः गोमंतकीय वादकांमुळे. पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत असल्याने हेच वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांचाही कणा ठरले. ‘बरसात’पासून (१९४९) मोठा वाद्यवृंद ही शंकर-जयकिशन यांची ओळख बनली, त्यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा हेही गोमंतकीय होते. लंडनमध्ये ज्यो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ सूट’ ही अशाच स्वरूपाची ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये निघाली होती.

वादक

सतारवादन रईस खाँ यांचे आहे. मनोहारी सिंग (सॅक्सोफोन), जॉन परेरा (ट्रंपेट), लेस्ली गुदिन्हो (ड्रम), दिलीप नाईक (गिटार) आणि रमाकांत (तबला) यांचाही सहभाग आहे.

संगीतरचना

तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी हे राग योजले आहेत. रागसंगीत एका आधारस्वराभोवती विस्तारते, तर जॅझमधील उत्स्फूर्त वादन बहुधा बदलत्या स्वरसंघांवर उभे राहते. मात्र काही रागांचे स्वर जॅझला जवळचे आहेत. कलावतीतील सा, ग, प व कोमल नी एकत्र वाजवल्यास जॅझ आणि ब्लूजमध्ये सतत येणारा ‘सेव्हन्थ’ स्वरसंघ तयार होतो. मालकंसाचे पाच स्वर मध्यमाला षड्ज मानून वाजवल्यास ब्लूजमधील पंचस्वरी ‘मायनर’ स्वरपंक्ती मिळते. तोडीसारख्या रागात कोमल रिषभ व तीव्र मध्यमामुळे असे स्वरसंघ सहज जुळत नाहीत.

प्रत्येक रचना काही मिनिटांचीच असल्याने आलाप व क्रमशः बढत यांना फारसा वाव नाही. त्यामुळे येथे रागाचा पूर्ण विस्तार नव्हे, तर त्याची ओळख पटवणारे स्वरसमूह ऐकू येतात.

महत्त्व

एरवी चित्रपटगीतांमागे राहणारे मुंबईतील वादक या ध्वनिमुद्रिकेत गायकाविना अग्रभागी आले. भारतीय जॅझच्या इतिहासात तिची गणना फ्यूजन संगीताच्या आरंभीच्या प्रयोगांमध्ये होते. प्रकाशनानंतर तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, जयकिशन यांचे निधन झाले.