पाण्याला आकार नसतो, माप असतं

श्रोतेहो, आज आपण नांदेडला, गोदावरीच्या काठी बसलो आहोत. पण सुरुवात लातूरपासून करू. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली. अशात १२ तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर.

त्या पाण्याकडे जरा नीट बघू. वाघिणीत ते लांबट गोल होतं. स्थानकाजवळच्या विहिरीत उतरलं, विहिरीसारखं झालं. घागरीत गेलं, घागरीसारखं. आकार सारखा बदलत होता. बदललं नाही ते आकारमान, म्हणजे त्यानं व्यापलेली जागा. भांडं मोठं घेतलं म्हणून पाणी काही वाढलं नाही. शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. पहिल्या गाडीचं पाणी सगळ्यांना वाटलं तर माणशी सव्वा लिटर! द्रव म्हणजे काय? तर आकार भांड्याचा, आकारमान स्वतःचं.

स्थायूचं दोन्ही स्वतःचं. आता कुणी विचारेल, ज्वारीसुद्धा पोत्यात ओतली की पोत्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही? एक दाणा उचलून बघा. पोत्यात असो की मुठीत, दाणा तसाच. बदलतो तो राशीचा आकार.

वायूचं दोन्ही भांड्याच्या हाती. दुसरी एक रेल्वे आठवा. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून नागपूर-नाशिकला ऑक्सिजन आला, तो द्रव करून. उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेल्या एक लिटर द्रव ऑक्सिजनचा आठशेहून जास्त लिटर वायू होतो. वायूचे कण दूरदूर असतात. त्यांना जवळ आणता येतं. पाण्याचे कण आधीच एकमेकांना खेटलेले, फक्त एकमेकांवरून सरकतात. हवेच्या शंभरपट दाब दिला तरी पाण्याचं आकारमान अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटतं. म्हणून पाणी दाबून कमी वाघिणींत बसवायची सोय नाही.

आमच्या वैशेषिकांनीही यावर विचार केला होता. ते म्हणत, पाण्याचं द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे स्वाभाविक. तुपाचं नैमित्तिक, उष्णतेमुळे आलेलं. आज आपण एवढीच दुरुस्ती करू, की बर्फ बघितला तर पाण्याचंही नैमित्तिकच ठरतं. स्थायू, द्रव, वायू या पदार्थांच्या जाती नाहीत. तापमान आणि दाब यांनी ठरणाऱ्या अवस्था आहेत.

आता इथला विष्णुपुरीचा जलाशय भरलेला दिसला की आपल्यालाही वाटतं, पाणी भरपूर आहे. उन्हाळा आला की आपण आणखी मोठी टाकी बांधतो. बांधावी, हरकत नाही. पण टाकीनं जागा वाढते, पाणी वाढत नाही. लातूरकरांना हे घागर हातात धरून शिकावं लागलं.