ती पावसात नाचली, तेव्हा...

श्रीपूरला मामाकडे गेले की माझे दोनच उद्योग. उसाचा रस आणि मामाचं पुस्तकांचं कपाट. या खेपेला हाती लागला दहा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद. मुखपृष्ठावर दोन नावं: श्री पुरोहित स्वामी आणि डब्ल्यू. बी. येट्स.

"स्वामी बडनेऱ्याचे गं, मराठी माणूस!" मामा म्हणाला.

नोबेलवाला आयरिश कवी आणि आपला वऱ्हाडी स्वामी, काय जोडी! १९३५-३६ च्या हिवाळ्यात दोघं स्पेनच्या मायोर्का बेटावर हा अनुवाद करत होते. पण मी अडकले त्याच बेटावरच्या दुसऱ्या गोष्टीत.

१९३४ मध्ये मार्गोट रडॉक या नटीनं येट्सला पत्र लिहिलं. ती २७ ची, तो ६९ चा. दोघंही विवाहित. त्याच वर्षी साहेबांनी तारुण्य परत यावं म्हणून चक्क ऑपरेशन करून घेतलं होतं! (हसू नका, जिमची वर्षाची फी आपणही भरतोच.) प्रेम जमलं. ती कविताही करायची. तो त्या सुधारून द्यायचा, कौतुक करायचा. मग १९३६ मध्ये त्यानं तिच्या कवितेतल्या ढिलाईवर पत्रातून चांगलंच झापलं.

त्या मे महिन्यात ती न सांगता मायोर्काला थडकली. आपली कविता टिकेल की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. नंतर भर पावसात समुद्रावर गेली, जीव द्यायला. तिथे तिला कळलं की जगणं आवडतं आपल्याला, आणि ती नाचायला लागली. पुढे बार्सिलोनात ती छतातून खाली पडली, गुडघ्याची वाटी फुटली. येट्स पत्नीसह तिकडे धावला, तिच्या परतीचा खर्च केला. वर मैत्रिणीला पत्रात कुरकुर, आता वर्षभर नवे कपडे नाहीत! इथे मला त्याचा खरंच राग आला.

त्या नाचावर त्यानं कविता केल्या. तिच्या कविता ऑक्सफर्डच्या संग्रहात घेतल्या, १९३७ मध्ये तिच्या 'द लेमन ट्री'ला प्रस्तावनाही लिहिली. १९३९ मध्ये तो गेला. मार्गोट १९५१ मध्ये गेली, मनोरुग्णालयात.

मामाच्या कपाटात येट्सचे चार संग्रह आहेत. 'द लेमन ट्री' मी अजून शोधतेय.