लपलेलं पार्टिशन हलवताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत रखडत चालणारा लॅपटॉप नेला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका. सल्ला रास्तच आहे. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत प्रोसेसर ताटकळत बसतो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. खरा प्रश्न त्यानंतर येतो : विंडोज नवी टाकायची, की जुन्या डिस्कचा क्लोन मारायचा? ‘काहीही करा, फोटो तेवढे वाचवा’ असं उत्तर दिलं, तर बहुतेक वेळा रिकव्हरी पार्टिशनचा निकाल तिथेच लागतो.

लॅपटॉपसोबत विंडोजची सीडी देणं उत्पादकांनी हळूहळू बंद केलं. त्याऐवजी कारखान्यातली मूळ प्रत, ड्रायव्हर्ससकट, डिस्कच्याच एका भागात ठेवली जाऊ लागली. तेच हे रिकव्हरी पार्टिशन. एचपीच्या अनेक मॉडेलांवर चालू करताना एफ-११, एसरवर ऑल्ट आणि एफ-१० दाबलं, की ती प्रत जागी होई. एचपीच्या कित्येक लॅपटॉपवर हा भाग ‘रिकव्हरी डी’ या नावाने चक्क समोर दिसायचा. मग लोक त्यातच लग्नाचे फोटो भरायचे आणि जागा संपल्याचा इशारा आला की चक्रावायचे.

या भागातल्या फाइली उचलून नव्या डिस्कवर ठेवल्या तरी काम होत नाही. हा भाग ‘रिकव्हरी’ आहे ही खूण त्या फाइलींत नसते, ती डिस्कच्या नकाशात असते. जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, हा नकाशा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत मावतो. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, पुढचे ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन सहीचे. तक्त्यात जागा फक्त चार नोंदींची, प्रत्येकी १६ बाइटांची. नोंदीतला एक बाइट पार्टिशनचा प्रकार सांगतो. तिथे ०७ असेल तर विंडोज त्या भागाला अक्षर देऊन समोर मांडते, २७ असेल तर लपवते. एवढ्याशा आकड्यावर सगळं अवलंबून! शिवाय काही कंपन्यांनी खास बटणासाठी पहिल्या ४४६ बाइटांत स्वतःचा कोड बसवलेला असे. विंडोज नवी टाकली की तो पुसला जाई. पार्टिशन जागेवर शाबूत, बटण मात्र मुकं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि नव्या लॅपटॉपवर जीपीटी ही पद्धत रूढ झाली. इथे एका बाइटाऐवजी १६ बाइटांची ओळख असते. विंडोजच्या रिकव्हरीचा क्रमांक डीई९४बीबीए४ पासून सुरू होतो. नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. म्हणूनच क्लोनझिला (तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं, मोफत) यासारखं साधन फाइलींवर न थांबता नकाशाही उतरवून घेतं.

खरी पंचाईत क्लोननंतर दिसते. ५०० जीबीच्या डिस्कवरून एक टीबीच्या एसएसडीवर गेल्यावर सी ड्राइव्ह वाढवायला जावं, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिका पडलेला असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये रिकव्हरी पार्टिशन अनेकदा सीच्या लगेच मागे असतं आणि रिकामी जागा त्याच्याही पलीकडे. आपल्या दोन प्लॉटच्या मधोमध तिसऱ्याचं घर असावं, तसं. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ते सरकवू शकत नाही. त्यासाठी जीपार्टेडसारखं पार्टिशन हलवणारं साधन वापरून आधी ते शेवटाला न्यावं लागतं, मग सी वाढते. नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /इन्फो’ विचारून विंडोजला त्याचा नवा पत्ता ठाऊक आहे का, हे तपासायचं.

हे पार्टिशन किती नाजूक आहे, ते जानेवारी २०२४ मध्ये उघड झालं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा-अपडेट पाठवलं. ते बसायला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि अनेक संगणकांत ती नव्हतीच. घरोघरी ०x८००७०६४३ हा आकडा झळकला. कंपनीने सुचवलेला उपाय काय, तर सी आक्रसा, रिकव्हरी पार्टिशन पुसा, मोठं करून पुन्हा बनवा आणि डीई९४बीबीए४ची ती लांबलचक ओळख स्वतः टाइप करा. सामान्य वापरकर्त्याकडून ही अपेक्षा जरा जास्तच.

क्लोन करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, थांबवलेलं किंवा काढलेलं बरं. त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर हवीच. जुनी डिस्क टकटक करू लागली असेल, तर साध्या क्लोनच्या नादी लागू नये. जीएनयू डीडीरेस्क्यू आधी धडधाकट भाग वाचून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं.

मात्र २०१३ च्या लॅपटॉपमधलं ते पार्टिशन जपून हाती येते ती त्या काळची विंडोज ८. तिच्या पुढच्या ८.१ ची मदतही १० जानेवारी २०२३ ला संपली. विंडोज ८ पासून परवान्याची किल्ली बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे परवान्यासाठी जुन्या पार्टिशनला कवटाळायची गरज नाही. विंडोज ७ च्या जमान्यातल्या यंत्रांची गोष्ट निराळी. तिथे तळाशी चिकटवलेलं स्टिकर झिजून वाचेनासं झालं असेल, तर कारखान्याची प्रत खरोखर मोलाची ठरते.

क्लोन झाला की जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करावा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोजला एकाच ओळखीच्या दोन डिस्क सापडतात आणि ती एकीला ऑफलाइन करते. नंतर रिकव्हरीचं बटण दाबून मेनू उघडतो का, तेवढं पाहायचं आणि ‘फॅक्टरी रीसेट’ला होकार न देता बाहेर पडायचं, कारण त्या एका होकाराने नुकतीच उतरवलेली सी ड्राइव्ह पुसली जाते.