कुंपणाला रंग देण्यापूर्वी

हिंगोलीहून औंढ्याकडे किंवा कळमनुरीकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा कुंपणांचे जे प्रकार दृष्टीस पडतात, त्यांत बोरी-बाभळीच्या काट्यांची वई आणि सिमेंटचे खांब रोवून ओढलेली काटेरी तार यांचाच भरणा असतो. लाकडी पट्ट्यांचे रेखीव कुंपण एखाद्या शेतघरापुढील बागेला किंवा नव्या वसाहतीतील एखाद्या हौशी गृहस्थाच्या परसबागेला, असे विरळाच आढळते. ज्याने ते पदरमोड करून घातले त्याचे खांब दोन-तीन पावसाळ्यांत बुडाशी कुजून कलावेत आणि रंगाचे पोपडे निघावेत, ही गोष्ट मला फार खेदकारक वाटते. कारण सुताराचे काम चोख असूनही हे घडते, आणि त्याचे मूळ बहुधा दुकानाच्या पायरीवर उभे राहून प्रथम विचारलेल्या प्रश्नात असते. ‘कोणता रंग शोभून दिसेल?’ असा तो प्रश्न. तो विचारण्यात गैर काही नाही, परंतु त्याची पाळी शेवटची आहे.

बाहेरच्या लाकडाला रंग कशासाठी द्यावयाचा, हे आधी समजून घेतले पाहिजे. लाकडाचे तंतू एकमेकांस धरून ठेवणारे लिग्निन नावाचे जे द्रव्य असते, ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होते. पुढे पावसाचे पाणी ते विघटित द्रव्य धुऊन नेते आणि पृष्ठभागी राखाडी, फुसफुशीत तंतूंचा थर उरतो. वैशाखात पारा 42 अंशांवर चढणाऱ्या आणि आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस भिजणाऱ्या आपल्या मुलखात हे चक्र मोठ्या वेगाने फिरते. रंगातील सूक्ष्म खनिज कण हे किरण वरच्यावर अडवितात, आणि रंगाचे खरे प्रयोजन हेच आहे. म्हणूनच नितळ वॉर्निश लाकडाचे रेषासौंदर्य कितीही खुलवीत असले तरी उघड्यावरच्या कुंपणाला ते निरुपयोगी ठरते. किरण त्यातून आरपार जातात, खालचे लाकूड सुटे होते, आणि अखंड दिसणारा तो पापुद्रा एके दिवशी हाताने सोलून निघतो.

कण खनिज असावेत, असा आग्रह मी धरतो, त्याचे कारण वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्यास सांगावे लागणार नाही. धोतरावरचा हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण तेच धोतर दोन दिवस कडक उन्हात वाळत घातले की पिवळेपणा उडून जातो. वनस्पतिजन्य रंगद्रव्यांपैकी बहुतेकांची प्रकाशापुढे अशीच गत होते. उलट गेरू, काव आणि पिवळी माती यांचा रंग लोहाच्या संयुगांचा असल्यामुळे उन्हाने त्याचे काही बिघडत नाही, आणि बाजारात तपकिरी, तांबूस, पिवळसर अशा छटांनी मिळणाऱ्या चांगल्या वुड स्टेनमध्येही बहुधा हीच लोहाची ऑक्साइडे असतात.

आता मुख्य मुद्दा असा की, हे कण ऊन अडवितात, पण वाळवीला किंवा बुरशीला ते अटकाव करीत नाहीत. त्यासाठी लाकडात विष मुरवावे लागते. हे विष मुरविण्याच्या विद्येत भारताचा वाटा केवढा मोठा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. जॉन बेथेल या इंग्रजाने 1838 साली बंद टाकीत दाब देऊन लाकडात कोळशाच्या डांबराचे तेल भरण्याची पद्धती काढली आणि जगभरच्या लोहमार्गांचे लाकडी स्लीपर तीमुळे टिकू लागले, हे खरे. पण ते तेल काळेकुट्ट, उग्र वासाचे आणि हातांना चिकटणारे. 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे पाण्यात विरघळणारे असे मिश्रण सिद्ध केले की ज्यातील तांबे बुरशीला मारक, आर्सेनिक वाळवीला मारक, आणि क्रोमियम या दोघांना तंतूंशी असे जखडून ठेवणारे की पावसाने ते सहसा धुऊन जाऊ नयेत. विजेचे व तारायंत्राचे खांब या मिश्रणाने देशोदेशी टिकले. त्यात बुडवून काढलेल्या लाकडावर जी हिरवट झाक येते ती तांब्याची होय. तिला कोणी रंग समजू नये, कारण उन्हापासून होणारी झीज ती पुरती थांबवीत नाही.

परंतु आर्सेनिक म्हणजे आपला सोमलच. अमेरिकेत 2003 अखेर उत्पादकांनी घरगुती कुंपणे व अंगणातील लाकूडकाम यांसाठी या मिश्रणाचा वापर आपण होऊन थांबविला. ज्या कुंपणाशेजारी मेथी-कोथिंबिरीचे वाफे आहेत, ज्याच्या पट्ट्या शेळ्या चघळतात आणि ज्यावर लहान मुले चढतात, तेथे आर्सेनिकविरहित मिश्रणच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकणखार दीड भाग व बोरिक आम्ल एक भाग यांचे द्रावण स्वस्त, बिनवासाचे आणि कीड-बुरशी या दोहोंवर गुणकारी आहे. मात्र ते पावसाने धुपते, म्हणून जमिनीला न टेकणाऱ्या पट्ट्यांनाच ते द्यावे, आणि त्यावर पाणी रोखणाऱ्या रंगीत स्टेनचे दोन हात अवश्य द्यावेत.

जुन्या उपायांविषयीही लिहिले पाहिजे. बिब्ब्याचे तेल वाळवीला दूर ठेवते खरे, पण ते अंगावर उतते आणि रंगाऱ्याचे हात आठवडाभर निकामी होतात. गाड्यांचे जळके ऑईल फुकट मिळते म्हणून खांबांना फासण्याची रीत सर्वत्र दिसते. त्यात जड धातूंचे अंश असतात आणि ते झिरपून मातीत उतरतात, तेव्हा विहिरीच्या किंवा वाफ्याच्या जवळ तरी ते कटाक्षाने टाळावे. बेलतेलाने, म्हणजे जवसाच्या तेलाने, दारे-खिडक्या उजळतात, पण उघड्यावर नुसत्या बेलतेलावर काळी बुरशी धरते. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात.

सर्वांत अधिक काळजी मागतो तो खांबाचा बुडखा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिने धरलेली ओल महिनोन्‌महिने हटत नाही. खांब कुजतो तो अगदी खोलवर नव्हे, तर जमिनीच्या पृष्ठभागाशी, जेथे ओल आणि हवा यांची गाठ पडते तेथे; तेथेच वाळवीच्या मातीच्या नळ्याही चढू लागतात. सागाचा गाभा याला पुष्कळ काळ दाद देत नाही, पण बाजारात मिळणारी कोवळी साग बल्ली बहुतांशी पांढऱ्या बाह्य लाकडाचीच असते, आणि तिला नुसते सागाचे नाव असते, सागाचा टिकाऊपणा नसतो. (स्वतःच्या शेतातला साग तोडावयाचा तरी 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते, म्हणून वनखात्याच्या दफ्तरी आधी अर्ज दाखल करावा.) माझी शिफारस अशी की लाकूड जमिनीत पुरूच नये, काँक्रीटचा आखूड खुंट वीतभर वर ठेवून त्यास लोखंडी पट्टीने खांब जोडावा. पुरणे भागच असेल तर साल काढून पूर्ण वाळविलेल्या खांबाचा बुडखा संरक्षक द्रावणाच्या पिंपात काही दिवस उभा ठेवावा, वर डांबर द्यावे, आणि खड्ड्यात काळी माती न लोटता मुरूम व खडी ठासावी.

एवढी तजवीज झाली म्हणजे मग छटेचा विचार. काळा किंवा अतिगडद तपकिरी रंग किरण उत्तम अडवितो, पण पश्चिमेकडच्या बाजूस तो लाकूड इतके तापवितो की त्यास चिरा पडतात. फार फिका रंग दिल्यास कणांचे प्रमाण कमी पडते. मधली तांबूस तपकिरी छटा, काव व माती यांच्या मेळाची, मला आपल्या भागाला सर्वांत योग्य वाटते. रंग लाकडात मुरणारा असावा, वर साय धरणारा नसावा. ऑईल पेंटच्या सायीखाली एकदा चिरेतून पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही. मुरणारा रंग झिजतो, पण सोलत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी खरवडण्याची यातायात न करता त्यावर दुसरा हात देता येतो.

काम दिवाळीनंतर काढावे. पाण्याचा थेंब पट्टीवर टाकून पाहावा. तो क्षणात शोषला गेला तर लाकूड तयार आहे, मोत्यासारखा उभा राहिला तर ते अजून ओले आहे किंवा जुन्या तेलाने बंद झाले आहे असे समजावे. पट्ट्या ठोकण्यापूर्वीच चारी बाजूंनी रंगवाव्यात, आणि कापलेल्या तोंडांना, जेथून लाकूड पाणी अनेकपट पिते, दोन-तीनदा द्रावण पाजावे. उरलेले तुकडे, विशेषतः हिरवट झाकेच्या लाकडाचे, चुलीत किंवा बंबात कदापि जाळू नयेत. आर्सेनिक धुरात जाते, राखेत राहते, आणि तीच राख पुढे भांडी घासायला किंवा वाफ्यात टाकायला वापरली जाते.