वाफ तीच, अर्थ निराळे



मागच्या गणेशोत्सवात शेजारच्या इंग्रज मंडळींनाही मोदक खायला बोलवावे असे ठरले, आणि इंग्रजी आमंत्रण लिहिण्याचे काम आम्ही मोठ्या हौसेने अंगावर घेतले. मोदक वाफेवर होतात, गरमागरम खातात. तेव्हा 'शनिवारी स्टीमी दुपारी स्टीमी मोदक खायला या' असे लिहून मोकळे झालो. पन्नास झेरॉक्स प्रती निघाल्यावर आमच्या तेरा वर्षांच्या कन्येने तो कागद वाचला. "बाबा, प्लीज हे कुणालाही देऊ नका," एवढेच म्हणून ती लालबुंद चेहऱ्याने माडीवर निघून गेली.

आम्ही मग शब्दकोश काढला. 'स्टीमी'चा सरळ अर्थ वाफेने भरलेले. अंघोळीनंतरचे न्हाणीघर स्टीमी, भात शिजताना स्वयंपाकघराच्या खिडक्या स्टीमी. दुसरा अर्थ हवेचा: उष्ण प्रदेशातले दमट, घामाघूम करणारे जंगल स्टीमी. इथल्या उन्हाळ्यातल्या दमट दिवसाला मात्र शेजारी 'मगी' किंवा 'क्लोज' म्हणतात. "इट्स क्लोज टुडे" हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांला वाटले, आज दुकान बंद!

तिसरा अर्थ आमच्या कन्येच्या लाजेचा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तान शृंगाराच्या कादंबऱ्यांना आणि सिनेमांना 'स्टीमी' म्हणू लागले. म्हणजे आम्ही समस्त शेजाऱ्यांना कसल्या दुपारचे आमंत्रण देत होतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

मोदक 'स्टीम्ड' असतात, म्हणजे वाफवलेले. वाफाळलेला चहा 'स्टीमिंग' असतो. पण ग्लासगोकडे पाहुणे जाणार असाल तर जपून! स्कॉटलंडच्या बोलीत माणूस 'स्टीमिंग' आहे म्हणजे तो पिऊन तर्र झाला आहे.

गंमत अशी की वाफेच्या यंत्राकडे पाहून दोन भाषांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडी धावली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती. इंग्रजांनी वाफ पाहिली आणि 'स्टीम इंजिन', 'स्टीमर' म्हटले. आपल्या लोकांनी पोटातली आग पाहिली आणि 'आगगाडी', 'आगबोट' म्हटले.

म्हणूनच इंग्रजी बोलण्यात इंजिन जागोजागी भेटते. मनातला राग मोकळा केला की 'लेट ऑफ स्टीम', दमछाक झाली की 'रन आउट ऑफ स्टीम', कुणी गाडीने सोडायला नको असेल तर 'अंडर माय ओन स्टीम' येतो. आपल्याकडे वाफ तोंडाची, आणि ती उगाच दवडायची नसते! इंग्रज माणूस वाफ सोडून हलका होतो, आपली आजी मात्र "कशाला तोंडाची वाफ दवडतोस?" म्हणून गप्प बसवते.

इथवर हसण्यावारी नेले. पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. आपल्या ओळखीतल्या एका घरी भिंतींना ओल येऊन काळी बुरशी धरली होती. घरात लहान बाळ, त्याचा खोकला हटेना. वहिनींनी फोनवर 'किचन फार स्टीमी होते' असे सांगितले. पलीकडून उत्तर आले, "खिडकी उघडत जा." तीन महिने गेले. शेवटी शेजारणीने शब्द सांगितले: 'डॅम्प अँड मोल्ड'. वहिनींनी ते पत्रात लिहिले, फोटो जोडले, तारखा घातल्या, आणि माणूस पाहायला आला.

रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे एक बाळ दगावले. घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'अवाब्ज लॉ' २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सोशल हाउसिंगला लागू झाला. धोकादायक ओल-बुरशीची तक्रार कळली की दहा कामकाजी दिवसांत तपासणी करावी लागते, आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल. तेव्हा मंडळी, कुकरची वाफ ही वाफ आणि भिंतीची ओल ही ओल. तक्रार करताना दोन्हींची गल्लत करू नका, आणि लेखी केल्यावाचून राहू नका.

आता आमंत्रणाचे काय झाले? कन्येने माडीवरून खाली येऊन स्वतःच नवा मजकूर लिहिला: 'फ्रेशली स्टीम्ड मोदक'. शेजारी आले, मोदक संपले, दोघांनी कृती लिहून नेली. भांडी आवरताना ती म्हणाली, "बाबा, 'दवडणे' म्हणजे काय?" आम्ही सांगितले. एका शब्दाच्या बदल्यात एक शब्द, हिशेब चुकता झाला.

तुमच्याही घरी असे शब्द फसले असतीलच. कागदावर लिहा आणि पुढच्या अंकासाठी पाठवा. नावे छापणार नाही, निदान आमच्याइतकी फजिती झाली असेल तर नाहीच!