आकडा नको, कारण सांगा

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी एक सुरक्षा-सुधारणा पाठविली. अनेक घरगुती संगणकांवर ती बसेचना. पडद्यावर उमटे तो केवळ ‘०एक्स८००७०६४३’ हा सांकेतिक क्रमांक. खरे कारण साधे होते. बिघडलेला संगणक सावरण्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या कप्प्यात २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती, ती नव्हती. संदेश चुकीचा होता, हे कंपनीनेही मान्य केले. तरी कप्पा वाढविण्याचे जोखमीचे काम तिने ग्राहकाच्याच गळ्यात घातले. अशा कामाआधी आपल्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, हे शहाणपण आपण शिकलेच पाहिजे. परंतु दोष सुबोध भाषेत सांगणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.